काचेच्या सिलिंडरमध्ये वेल आणि फुलं – फोम न वापरता कशी उभी करायची? (मे महिना, साखरपुडा)

पारिजात_शिवाजीपेठ

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घरचा साखरपुडा आहे, हॉल राजारामपुरीत. जेवणाच्या १० टेबलांवर आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना फुलांची मांडणी घरच्या घरी करायची आहे. भांडी ठरली आहेत. सरळ उभे काचेचे १० सिलिंडर, व्यास १० सेंमी, उंची २५ सेंमी, काच पातळ. शिवाय २ गोल फिश बाउल, पोटाचा व्यास २५ सेंमी आणि तोंड १५ सेंमी.

फुलांचे देठ टोचायचा हिरवा फोम, प्लॅस्टिकची जाळी, चिकटपट्टी, रंगीत मणी यांतलं काहीच नको. फांद्या, वेल, दगड, काथ्या, पानं एवढ्यावरच भागवायचं आहे. मांडणी शनिवारी रात्री, कार्यक्रम रविवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ७. हॉलला एसी नाही, पंखे आहेत.

एका सिलिंडरमध्ये करून बघितलं तेव्हा हे प्रश्न आले:

१. फुलं सगळी काठाला जाऊन पडतात, मध्ये भोक राहतं.
२. आधार म्हणून बाभळीच्या काटक्या घातल्या, तर सकाळपर्यंत पाणी चहासारखं तांबूस झालं आणि वर गढूळही.
३. मधुमालती आणि बोगनवेल कापल्यावर दोन तासांत मान टाकतात. मनीप्लांट तेवढा टिकतो. मेमध्ये आणखी कुठले वेल चालतील?
४. कोल्हापूरचं कार्य म्हणून काचेत उसाच्या कांड्या उभ्या लावायची कल्पना आहे. जमेल का?

फुलं शिंगोशी मार्केटमधून घेणार. निशिगंध, जर्बेरा आणि थोडे गुलाब असा विचार आहे.

---

काचपात्र

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की अर्धं काम झालं.

मातीच्या किंवा पितळी भांड्यात आत काय कोंबलंय ते दिसत नाही. काचेत आधारच निम्मी मांडणी असतो. म्हणून लपवायचा आधार शोधू नका, दाखवण्याजोगा शोधा. तुमच्या मापाला सगळ्यात चांगला आधार म्हणजे वेलाचं वेटोळं. लवचीक वेल काचेच्या आतून स्प्रिंगसारखा गोल गुंडाळायचा. तो स्वतःच्या ताणानं भिंतीला चिकटून राहतो आणि फुलांचे देठ त्याच्या फेऱ्यांमधून आडवेतिडवे गेले की जागच्या जागी अडकतात.

माप असं. १० सेंमी व्यासाच्या पातळ सिलिंडरचा आतला व्यास साधारण ९.४ सेंमी धरा, म्हणजे एका फेऱ्याला जवळजवळ ३० सेंमी वेल लागतो. खाली एक, मध्ये दोन आणि काठाखाली २ सेंमीवर एक असे चार फेरे हवेत. फेऱ्यांमधला चढ धरून सिलिंडरला सव्वा ते दीड मीटर. जाडी ४ ते ६ मिमी. पेन्सिलीएवढा जाड वेल एवढ्या लहान गोलात वळत नाही, पेराशी कडकन मोडतो. सुतळीएवढा बारीक घेतला तर ताण धरत नाही आणि वेटोळं तळाशी बसतं.

नुसते आडवे फेरे मात्र देठ धरणार नाहीत. चौथा फेरा झाल्यावर वेलाचं टोक मोकळं सोडू नका, तोंडाच्या मधून आडवं नेऊन समोरच्या फेऱ्याखाली खोचा. दुसरा बारीक तुकडा त्याला छेदून. झाले चार कप्पे. मधलं भोक याच कारणानं पडत होतं, देठाला वर टेकायला जागाच नव्हती. एक देठ दोन ठिकाणी टेकला पाहिजे, वर कप्प्यात आणि खाली समोरच्या भिंतीशी. तिरपा घाला, सरळ उभा नको. पहिले तीन देठ तीन दिशांनी तिरपे गेले की खाली त्यांचीच तिकाटी होते आणि बाकीची फुलं तिच्यात उभी राहतात.

वाळका वेल तरंगतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रात्री नीट बसवलेलं वेटोळं सकाळी चार बोटं वर आलेलं असतं आणि फुलं वाकडी. त्यासाठी वेल २४ तास बादलीत दगडाखाली दाबून भिजवा. शिवाय तळाच्या फेऱ्यावर दोन मुठी खडे येऊ द्या. भिजवण्याचा दुसरा फायदा असा की सालीतली हवा आधीच निघून जाते. नाहीतर काचेत वेलाला सोडावॉटरसारखे बुडबुडे लागतात आणि स्वच्छ पाणीसुद्धा शिळं दिसतं.

---

द्राक्षकाडी_तासगाव

वरच्या वेटोळ्यासाठी द्राक्षाच्या काड्यांसारखं दुसरं काही नाही, आणि तुमचा मुहूर्त बरोबर बसतोय. आमच्या सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यात एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. गेल्या हंगामाच्या सगळ्या काड्या त्या वेळी उतरतात आणि बांधावर ढीग लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उशिरा छाटलेल्या बागेतल्या काड्या मिळू शकतात. ओळखीच्या बागायतदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या कुट्टी होतात किंवा पेटवल्या जातात.

घेताना वाकवून बघा. आतून हिरवी असेल ती घ्या, पांढरी पडून खडखड वाजणारी सोडून द्या. एक काडी साधारण मीटर-दीड मीटर असते. १० सिलिंडरना १५ पुरतील, पण मोडतोड धरून २० ते २२ आणा. बाळ्या (काडीचे गुंडाळणारे तंतू) काढू नका, काचेत त्यांचे पीळ फार सुंदर दिसतात.

धुण्यात कसूर नको. काडीवर बोर्डो मिश्रणाचा निळसर पांढरा थर असतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. वाहत्या पाण्याखाली ब्रशनं घासायचा, विशेषतः पेराच्या खाचेत. तो राहिला तर पाण्यात निळसर गाळ बसतो, आणि जेवणाच्या टेबलावर तसलं काही नकोच. सुटी साल बोटानं ओढली की पट्ट्या निघतात, त्याही काढा. मग भिजवणं.

वळवताना काडी दोन्ही हातांत धरून, अंगठे पेराच्या दोन्ही बाजूंना ठेवून थोडी थोडी नरम करत जायचं. एकदम गोल करायला गेलात तर पेरात तुटणार. मोठ्या डब्याभोवती आधी सैल गुंडाळून तासभर सुतळीनं बांधून ठेवली तर काचेत घालताना त्रास देत नाही. वेटोळं बाहेर घट्ट पिळून घ्यायचं, काचेच्या तोंडातून आत सोडायचं आणि मग हळूहळू उलगडू द्यायचं. कापलेलं टोक काचेला टोचेल असं ठेवू नका, आतल्या बाजूला वळवा.

---

बागवाली_ताराबाईपार्क

वेलांबद्दल. मेमधला वेल कापायचा तो सकाळी साडेसहाच्या आत. त्या वेळी वेल रात्रभर पाणी पिऊन ताठ असतो. दहा वाजता कापलेली फांदी आधीच तहानलेली असते, तिला मागून कितीही पाणी दिलं तरी ती शेंड्यापर्यंत पोचत नाही. बादली बागेतच न्या आणि कापलं की लगेच बुडवा. देठ उघडा राहिला की त्याच्या नळ्यांमध्ये हवा शिरते आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून घरी आणल्यावर देठाचं टोक पाण्याखाली धरून पुन्हा २ सेंमी तिरपं कापायचं.

मधुमालती मान टाकते ती शेंड्याच्या कोवळ्या पानांमुळे. वरचा १० ते १५ सेंमी कोवळा शेंडा खुडा, निम्मी पानं काढा आणि अख्खी फांदी अर्धा तास पाण्यात आडवी बुडवून ठेवा. मग उभी करून चार तास सावलीत. अशी फांदी दीड दिवस चालते. हिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होतात. झुबक्यात तिन्ही रंग हवे असतील तर ज्यात थोड्या कळ्या शिल्लक आहेत असा झुबका निवडा. जुन्या खोडावर पानांच्या देठांचे कडक काटे झालेले असतात, ते वेटोळ्यासाठी वापरायचं तर आधी कापून घ्या. हात फाटतात.

बोगनवेल माझ्या मते सोडून द्या. सगळी हिरवी पानं काढली आणि दोन तास पूर्ण बुडवून ठेवली तर एक संध्याकाळ निघते. पंख्याखाली तुम्हाला दिवसभर हवी आहे, तेवढी ती टिकणार नाही. रंगच हवा असेल तर नुसते झुबके तोडून बाउलच्या पाण्यावर तरंगत सोडा, तिथे छान राहतात.

मनीप्लांट खरा आधार. फिश बाउलला सव्वा मीटरचे दोन वेल घ्या आणि पाण्यात काचेच्या कडेनं गोल फिरवा. याची पानं पाण्याखाली दोन दिवस सहज राहतात, बहुतेक दुसऱ्या पानांना हे जमत नाही. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, पानावरची धूळ म्हणजेच उद्याचं गढूळ पाणी. कापल्यावर येणाऱ्या चिकानं काहींच्या हाताला खाज सुटते.

कृष्णकमळ आणि गोकर्णीचं फूल एका दिवसाचं असतं, त्यामुळे शनिवारी रात्री लावून उपयोग नाही. रविवारी सकाळी उमललेली खोचू शकता. गुळवेल अंगणात असेल तर मेमध्ये बहुतेक पानं झडून नुसती गाठाळ दोरी उरलेली असते आणि ती दिसते फार देखणी. पण पाण्याच्या वरच वापरा. तिच्यात पिठूळ सत्त्व असतं, कापलेलं टोक पाण्यात गेलं की पाणी दुधाळ होतं. शिवाय तिची कागदासारखी साल सुटून तरंगते.

काही गोष्टी नकोतच. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी आहेत, लहान मुलं जिथे जेवतात त्या टेबलावर त्यांचं फूल तर नकोच, पाणीही नको. अमरवेल पिवळ्या जाळीसारखी सुंदर दिसते, पण तिचा एक तुकडा कुंडीतल्या झाडावर पडला तरी ती तिथेच रुजते. आणि रानातले वेल, कुसर वगैरे, राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून आणायचा विचारही करू नका, ते कायद्यानं बंद आहे. पन्हाळ्याच्या तटबंदीवरचं शेवाळही खरवडायचं नाही. मांडणीत शेवाळाचं काम धुतलेला काथ्या करतो.

---

पारिजात_शिवाजीपेठ

खूप मोलाची माहिती. तासगावचे दादा, काड्यांचा पत्ता लागला, एप्रिलअखेर आणते. पाण्याचा आणि उसाचा प्रश्न राहिला. तळाला घालायला घरी पांढरे गुळगुळीत खडे आहेत, कुंडीत घालतात ते. चालतील?

---

नितळ

खडे आधी तपासा. एका खड्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो संगमरवर किंवा चुनखडी आहे. असा खडा पाण्यातलं आम्ल खाऊन टाकतो, म्हणजे फुलांच्या पाण्यात लिंबू घालण्याला अर्थच उरत नाही, आणि काचेवर पांढरी रेघही लवकर धरते. गारगोटी किंवा आपला काळा बेसाल्ट असेल तर फेस येत नाही, तो बिनधास्त वापरा. आपल्याकडच्या काळ्या दगडावर पांढरा निशिगंध आणि तपकिरी काडी, याहून निराळा रंग हवाच असं मला वाटत नाही. नदीतले गोटे आणले तर ब्रशनं घासा, दहा मिनिटं उकळा आणि पाणी फेकून द्या. सिलिंडरला ३ सेंमी थर लागतो, म्हणजे साधारण २०० मिली खडे, वजनाला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. वरून टाकू नका. काच आडवी धरून खडे हातानं सरकवत तळाशी न्या. पातळ काचेच्या बुडाला वरून पडलेला एक गोटा पुरतो.

आता तुमचं तांबूस पाणी. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, कातडी कमवायला ती साल वापरतात ती त्यासाठीच. चिंच, आंबा, जांभूळ यांच्या ताज्या काटक्याही रंग सोडतात. द्राक्षाची काडीही थोडा सोडते. म्हणून भिजवण्याचं पाणी दोनदा बदला, दुसऱ्या पाण्याला रंग उतरला नाही की ती तयार. काटक्याच वापरायच्या तर पेरूच्या घ्या, साल काढून. लाकूड गुळगुळीत आणि चिवट असतं.

गढूळपणा वेगळा. तो जंतूंचा. पाण्यात बुडलेलं पान, देठावरची लव, न धुतलेली काच यांवर ते वाढतात आणि नुसतं पाणी घाण करत नाहीत, देठाच्या नळ्या बुजवतात. जर्बेराची मान वाकते ती बहुतेक वेळा यामुळेच. तुमच्या कामापुरता उपाय सोपा आहे. १० लिटरच्या बादलीत १० मिली घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, ४-५ टक्क्यांचं), म्हणजे दोन छोटे चमचे. बस. साखर घालू नका. एका दिवसाच्या मांडणीला तिची गरज नाही आणि मेमध्ये टेबलावर मुंग्यांची रांग लागेल. सिलिंडरमध्ये १२ सेंमी पाणी म्हणजे सुमारे ८३० मिली, त्यामुळे एक बादली १० सिलिंडरना बरोबर पुरते.

घरी आठवडाभर टिकवायची मांडणी असेल तर एक लिटरला एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा ब्लीच. लिंबू आणि ब्लीच चमच्यात किंवा वाटीत एकत्र करू नका, विषारी क्लोरीन सुटतो. दोन्ही वेगवेगळं, भरल्या बादलीत.

तुरटी अनेक जण सांगतात. वापरली तर चणाडाळीएवढा तुकडा लिटरभर पाण्यात विरघळवा, दोन तास स्थिर ठेवा आणि वरचं निवळलेलं पाणीच काचेत घ्या. थेट सिलिंडरमध्ये टाकली तर निवळलेला सगळा गाळ तळाच्या काळ्या खड्यांवर पांढऱ्या कापसासारखा बसतो, आणि तुमच्या पाहुण्यांना दिसणार तोच.

ऊस: पाण्यात नको, कितीही मोह झाला तरी. कापलेल्या टोकातून साखर पाझरते, मेच्या उकाड्यात सहा-सात तासांत पाणी बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो. पण काच दुहेरी करा. मोठ्या सिलिंडरच्या आत लहान पेला, पाणी आणि फुलं आतल्या पेल्यात आणि मधल्या कोरड्या फटीत ऊस. त्यासाठी फट किमान अडीच-तीन सेंमी हवी, तुमच्या १० सेंमीच्या सिलिंडरमध्ये ते बसत नाही. स्टेजसाठी १८-२० सेंमीचं एखादं भांडं मिळालं तर बारीक कांड्या घ्या, दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवून बंद करा, पुसून कोरड्या करा आणि मग उभ्या लावा. मेण न लावलेल्या कांड्यांना चिलटं येतातच.

---

कुबरी

इकेबानात, म्हणजे जपानी पुष्परचनेत, उंच पात्रासाठी कुबरी म्हणतात तो आधार वापरतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी फांदी, किंवा आतल्या व्यासाहून किंचित लांब काटकी, काठाखाली २-३ सेंमीवर आडवी ताणून बसवायची. मग देठ तिच्यात अडकवायचा. दोन-तीनच फुलं आणि एक लांब वेल एवढंच ठेवायचं असेल तर वेटोळ्यापेक्षा हे नितळ दिसतं. पेरूची दुबेळकी फांदी घेऊन बघा.

---

काचपात्र

कुबरी सुंदर, पण ती मुळात जाड मातीच्या किंवा बांबूच्या पात्रासाठी आहे. पातळ काचेत सांभाळून. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. आडवी ताठ काटकी भिंतीला दोनच बिंदूंवर बाहेर रेटते आणि काचेला नेमकं तेच चालत नाही. बसवताना काही होत नाही, रात्री दोन वाजता आपोआप चीर जाते. वेटोळ्याचा जोर सगळ्या भिंतीवर पसरतो, म्हणून ते सुरक्षित.

तरी करायची असेल तर ताठ वाळकी काटकी नको, ताजी घ्या आणि तिच्या दोन्ही टोकांना उभी चीर द्या म्हणजे ती दबते. टोकाला केळीच्या सोपटाची दुहेरी घडी. बोटाच्या हलक्या दाबानं जाईल एवढीच लांबी. ठोकावी लागली तर ती लांब आहे.

फिश बाउलला मात्र कुबरी अजिबात नाही. गोल पोटाच्या काचेला ती टेकतच नाही, घसरून खाली येते. तिथे केळीच्या खुंटाचा ६ सेंमी जाडीचा तुकडा तळाशी ठेवून त्यात देठ टोचता येतात. त्याच्या कप्प्यांत पाणी धरतं, फोमचं काम बरंचसं होतं. बाजू हळदीच्या किंवा कर्दळीच्या पानानं गुंडाळा. कापलेला भाग दोन-तीन तासांत काळा पडतो, म्हणून वर खडे हवेत. चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, आणि दीड दिवसाच्या पुढे खुंट कुजायला लागतो. तुमच्याकडे मनीप्लांटचे वेल असताना याची गरज वाटत नाही. पाण्यात गोल फिरवलेला वेल, वर तरंगती सोनचाफ्याची आठ-दहा फुलं, एवढं पुरे. सोनचाफा रविवारी सकाळीच सोडा. काठोकाठ पाण्यानं भरून बूच लावलेल्या बाटलीत तो कितीतरी दिवस राहतो, जुन्या घरांत तशी बाटली असायची. उघड्या बाउलमध्ये मात्र त्याच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत तपकिरी होतात.

बाउल उन्हात ठेवू नका. पाणी भरलेला गोल म्हणजे भिंगच. खिडकीतलं ऊन त्यातून एका ठिकाणी एकवटून टेबलक्लॉथला भोक पडू शकतं.

---

पारिजात_शिवाजीपेठ

कुबरी राहू दे, वेटोळंच करते. फुलं शनिवारी पहाटे आणली तर रात्रीपर्यंत कशी ठेवायची? आणि हॉलवर नेताना?

---

बागवाली_ताराबाईपार्क

निशिगंध डबल घ्या, सिंगल हाराला चांगला. खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या असा दांडा निवडा. टोकाच्या चार-पाच बारीक कळ्या खुडून टाका, त्या उमलत नाहीत आणि पाणी ओढतात. वास उग्र असतो, जेवणाच्या टेबलाला तीन दांडे पुरे. जर्बेराचा बंच १० फुलांचा, गुलाबाचा २० चा. दर सिलिंडरला ३ निशिगंध, ३ जर्बेरा, २ गुलाब आणि मधुमालतीची एक झुकती फांदी धरा, म्हणजे ३० दांडे, ३ बंच, १ बंच. वर एक-एक जास्तीचा बंच राहू द्या.

घरी आणल्यावर गुलाब आणि निशिगंध गळ्यापर्यंत कोमट पाण्यात चार तास, प्लॅस्टिकच्या बादलीत. काचेत कोमट-गार खेळ करू नका. गुलाबाचे काटे फक्त पाण्याखाली जाणाऱ्या भागातले काढा, साल सोलू नका. जर्बेराचं उलट आहे. त्याचा देठ पोकळ आणि लवदार, त्याला ६-७ सेंमीच पाणी द्यायचं. बुडाचा कडक तपकिरी भाग कापून टाका आणि पाणी पिऊन होईपर्यंत फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवा, म्हणजे देठ सरळ राहतो. सिलिंडरमध्ये १२ सेंमी पाणी आहे म्हणून जर्बेरा वरच्या फेऱ्यात असा अडकवा की देठाचं टोक पाण्यात ५-६ सेंमीच जाईल. वेटोळ्याचा हा मोठा फायदा, प्रत्येक फूल आपल्या उंचीला थांबतं.

बादल्या कुठे ठेवता ते फार महत्त्वाचं. मेमध्ये घरात आंब्याची अढी असते. त्या खोलीत फुलं चुकूनही नकोत. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं गुलाब घाईनं उमलून गळतात. केळ्यांचा घडही तसाच. न्हाणीघरातली गार फरशी उत्तम.

निशिगंधाचे दांडे आडवे ठेवून गाडीतून नेऊ नका. आडवा पडला की शेंडा वर वळतो आणि तो बाक नंतर सरळ होत नाही.

---

काचपात्र

हॉलवर नेताना सिलिंडरमध्ये खडे आणि वेटोळं घरूनच बसवून न्या, पाणी शून्य. फुलं बादलीतून वेगळी. टेबलावर ठेवलं की आधी ५ सेंमी पाणी, मग वेलाची फांदी, मग निशिगंध, गुलाब आणि शेवटी जर्बेरा. सगळं जागेवर बसल्यावर लांब चोचीच्या झारीनं १२ सेंमीपर्यंत भरा. बांबूच्या कामटीवर १२ सेंमीची खूण करून प्रत्येक काचेला लावा. दहाही सिलिंडरचं पाणी एका रेषेत आलं की सगळी रांग एकदम नीट दिसते, हे करून बघाच. पाण्याच्या रेषेशी देठ मोडल्यासारखा दिसतो, त्यामुळे पाण्याची उंची वेगवेगळी असेल तर प्रत्येक काच वेगळी वाकडी वाटते.

उंचीचं एक सांगायचं राहिलं. काच २५ सेंमी, वर फुलं ३०, म्हणजे ५५ सेंमी. बसलेल्या माणसाच्या नेमकी डोळ्यांसमोर. समोरासमोर बसणारी पाहुणेमंडळी एकमेकांना दिसली पाहिजेत. एक तर फुलं काठाच्या वर १० सेंमीतच ठेवा आणि वेल खाली टेबलाकडे सोडा, किंवा मधली दोन टेबलं सोडून बाकी सिलिंडर टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला ठेवा. मला पहिलं जास्त पटतं. मधुमालती मुळात झुकणारी आहे, तिला वर चढवण्यात तिचं रूप जातं.

पंख्याच्या थेट खाली एकही नको. रविवारी सकाळी ९ ला एक फेरी मारा. पाणी साधारण एक-दीड सेंमी उतरलेलं असेल, तेवढं भरा. मान टाकलेला जर्बेरा काढून जास्तीच्या बंचमधला लावा.

---

नितळ

कार्यक्रम झाल्यावर बाउल घरी आणून मनीप्लांट तसाच ठेवणार असाल तर त्याला आठवड्यात मुळं फुटतील, छान वाढेल. पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस पाणी पूर्ण ओता आणि काच आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी पाण्याच्या रेषेशी काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. आपल्याकडे कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठीच.

सिलिंडर धुताना बोअरच्या पाण्याची पांढरी रेघ राहिली तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, वीस मिनिटं. त्याआधी ब्लीचचं पाणी पूर्ण ओतून काच साध्या पाण्यानं खळबळून घ्या. अरुंद तोंडाची बाटली असेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि व्हिनेगर घालून गोल गोल हलवा.

---

द्राक्षकाडी_तासगाव

काड्या फेकू नका ताई. वेटोळी काढून सावलीत वाळवली तर आहे त्या गोलात कडक होतात. गौरी-गणपतीला परत २४ तास भिजवा, पुन्हा त्याच सिलिंडरमध्ये बसतील.